ग्लेनिसची सीट

१

नेव्हिल ट्रँटरची गाडी होत आली होती. गेली तीन वर्षं ती होतच आली होती. चौदा खोक्यांतून तिचे सुटे भाग घरी आले त्याला आठ वर्षं उलटून गेली. सोबतच्या पुस्तिकेत छापलं होतं की साधारण हुशार माणूस ही गाडी घरच्या घरी दोनशे तासांत जोडू शकेल. नेव्हिलने ट्रॅक्टरच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाने चालवले होते, म्हणजे तो साधारणापेक्षा बराच हुशार होता, आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला. साधारण माणसाने सांगितलं तसं जोडलं असतं आणि गाडी रस्त्यावर आणली असती. नेव्हिलला प्रत्येक गोष्ट पुस्तिकेपेक्षा थोडी बरी करायची असायची.

इंजिन कधीच बसलं होतं, चाकं फिरत होती, हिरवा रंग वाळूनही दोन उन्हाळे झाले होते. राहिलं होतं ते किरकोळ, आणि त्या किरकोळीनेच त्याला जेरीला आणलं होतं. आरसा हलवला की दिव्याची वायर दुसरीकडून न्यावी लागे. वायर नेली की तिच्या भोकातून पाणी गळे. भोक बुजवावं तर सरकारी तपासणीच्या यादीत नेमकं तिथेच बोट दाखवलेलं असे. यादी त्याने गॅरेजच्या दाराला चिकटवली होती आणि येता-जाता तिच्याकडे बघून तो तोंड वाकडं करायचा.

त्याची बायको ग्लेनिस त्या गाडीत आजवर एकदाही बसली नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांच्या जेवणाचा गाडा तिने अनेक वर्षं हाकला होता, त्यामुळे कुठलंही काम आठ वर्षं कसं चालू शकतं हे तिला खरोखरच कळत नसे. गाडीला छप्पर नाही, दार नाही, आणि सीट म्हणजे चहाचा ट्रे आहे, असं तिचं म्हणणं. त्यातच तिचा डावा खुबा दुखायचा. ‘बारमथला जायचं तर मी आगगाडीने जाईन आणि तुझ्या आधी पोचून चिप्स खात बसेन,’ हे तिचं ठरलेलं पालुपद होतं.

बारमथच्या किनाऱ्यावर ते लग्नानंतरच्या आठवड्यात गेले होते, कुणाच्या तरी उसन्या, उघड्या, दोन सीटच्या गाडीतून. येत्या जूनमध्ये त्याला चाळीस वर्षं होणार होती. ग्लेनिस शेजारी बसली नाही तर या आठ वर्षांना काही अर्थ नव्हता. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तो फक्त अजून एक बोल्ट आवळायचा.

२

एप्रिलमध्ये त्याने तिच्यासाठी सीट ओतायची ठरवली.

घरी गाडी बांधणाऱ्या लोकांची ही एक रीत आहे. दोन डब्यांतली रसायनं एकत्र ढवळायची, कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीत ओतायची, पिशवी सीटवर ठेवायची आणि माणसाला वर बसवायचं. आतला फोम फुगत जातो, पाठीच्या, कमरेच्या, मांड्यांच्या प्रत्येक खळग्यात शिरतो, आणि पाव तासात घट्ट होतो. मग ती सीट त्या एका माणसाची होते, दुसऱ्या कुणालाही ती टोचते.

ग्लेनिसला राजी करायला तीन दिवस लागले. शेवटी खुब्याला आधार मिळेल या एका मुद्द्यावर ती तयार झाली, जुना गाऊन घालून आली आणि रिकामी सीट गॅरेजच्या जमिनीवर ठेवली होती तिच्यात धप्पकन बसली. खाली पिशवी फुगायला लागली तशी ती म्हणाली, “हे गरम होतंय.”

“होणारच. हलू नकोस.”

“वर येतंय ते, नेव्हिल. अंगाला धरतंय.”

“तेच तर पाहिजे. श्वास नेहमीसारखा घे, नाहीतर कंबर मोठी येईल.”

“लग्नाला चाळीस वर्षं होत आली आणि नवरा मला कचऱ्याच्या पिशवीत बसवून कंबर मोठी येईल म्हणतोय,” ती म्हणाली. पाव तास ती कुरकुरत बसली. ओव्हनमध्ये सफरचंदाचं क्रम्बल ठेवलंय, ते करपेल. पाय सुन्न झालाय. शेजारच्या बाईंनी बघितलं तर काय म्हणतील. फोम घट्ट झाल्यावर नेव्हिलने तिला हात देऊन उठवलं. उठताना जरा जोर लावावा लागला. मग ती कपडे झटकत घरात गेली, आणि सीटमध्ये तिचा आकार राहिला, पाठीच्या कण्याची रेघ आणि किंचित तिरका डावा खुबा यांच्यासकट.

नेव्हिलने तो फोम बाहेर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. गाडीत बसणारी प्रत्येक वस्तू आधी या काट्यावर जात असे, आणि पिठाच्या काट्यावर ब्रेकचे भाग ठेवण्यावरून घरात वर्षातून तीन-चार वेळा भांडण होत असे. फोम भरला एक किलो शंभर ग्रॅम. त्याने वर कापड चढवलं आणि तो शेजारच्या सीटमध्ये बसवला.

३

क्लिफ ऑकली हा नेव्हिलचा क्लबातला दोस्त. त्याने स्वतः तीन गाड्या बांधल्या होत्या आणि त्याच्याकडे चार चपटे काटे होते, प्रत्येक चाकाखाली एक ठेवायचा. चारही आकडे एका पेटीवर दिसतात, आणि ते बघून स्प्रिंगा कमी-जास्त आवळल्या की गाडी चारही पायांवर नीट उभी राहते. सीट ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी तो काटे घेऊन आला, गाडी त्यांच्यावर चढवली, आणि चहाचा कप हातात घेऊन आकडे वाचायला लागला.

डावी बाजू नऊ किलो जास्त भरत होती.

नेव्हिल म्हणाला की गेल्या महिन्यात ती बरोबर होती, आणि त्यानंतर फक्त एक किलोचा फोम आत गेलाय. क्लिफने काटे उजवे-डावे बदलले. मग गॅरेजच्या फरशीला पाणसळ लावली. मग वायरी काढून पुन्हा जोडल्या. आकडा नऊच राहिला. नेव्हिलने फोम बाहेर काढला आणि एका हाताने उचलून धरला. हाताला तो एक किलोचाच होता. आकडा तेवढ्या एका किलोनेच उतरला.

“खाली पाना-बिना पडला असेल,” क्लिफ म्हणाला.

“नऊ किलोचा पाना?”

“आठ वर्षं झाली बाबा रे, काय काय पडलं असेल कुणाला माहीत.”

दोघांनी टॉर्च मारून गाडी खालून-वरून बघितली. सापडली ती एक जुनी पेन्सिल. क्लिफ काटे तिथेच ठेवून गेला, म्हणाला, हवा गरम झाली की पुन्हा बघ, थंडीत हे काटे नखरे करतात. नेव्हिलने त्या दिवशी अर्धं जेवण ताटातच टाकलं. चुकीचा आकडा घरात असला की त्याला घास गोड लागत नसे.

४

मे महिना सुखसोयींत गेला. ग्लेनिसला पाय गार पडलेले खपत नाहीत, म्हणून त्याने शेजारच्या सीटच्या पायाशी हीटर बसवला. हीटर पिठाच्या काट्यावर चार किलो भरला होता. गाडीवर सतरा चढले. पुढच्या आठवड्यात तिचे पाय लोंबकळू नयेत म्हणून त्याने पाय टेकवायची फळी बसवली. तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप त्याने ती टीव्ही बघत असताना टेपने घेतलं होतं, आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या होत्या. फळी होती अर्ध्या किलोची. तिने दहा किलो वाढवले.

नेव्हिल चिडला. तो घाबरला नव्हता. एकतीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला आकडा न जुळणं म्हणजे कुणीतरी तोंडावर खोटं बोलल्यासारखं वाटतं. त्याने क्लबातल्या दुसऱ्या एकाचे काटे आणले. तेही तेच बोलले. शेवटी त्याने सगळे असं करतात तेच केलं. आकडा मान्य केला आणि डाव्या स्प्रिंगा त्याप्रमाणे आवळल्या. गाडी सपाट उभी राहिली, आणि त्याने स्वतःची समजूत घातली की शेवटी तिथे कुणीतरी बसणारच आहे.

घरात मात्र बरं चाललं होतं. ग्लेनिसचा खुबा दुखायचा थांबला. तिची चालायची काठी दाराशी तशीच उभी राहायला लागली. ती जिना चढे तेव्हा तिसरी आणि सातवी पायरी वाजायची, त्या आता वाजत नसत, आणि त्यामुळे ती अचानक मागे येऊन उभी राहिली की नेव्हिल दचकायचा. एकदा ती संध्याकाळी सोफ्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली. आधी ती बसली की त्याची बाजू वर उचलली जायची आणि त्याचा चहा हिंदकळायचा. त्या दिवशी चहा हिंदकळला नाही. त्याने गादीकडे बघितलं. ती तिच्या खाली दबली नव्हती.

“काय बघतोयस?” ग्लेनिसने विचारलं.

तो म्हणाला, काही नाही, नवीन गादी घ्यायला हवी. ती म्हणाली, आधी गाडी संपव. मग थोडं थांबून म्हणाली, “त्या सीटमध्ये बसून बघावं म्हणते एकदा. झाली की सांग.” आठ वर्षांत ती असं पहिल्यांदाच बोलली होती. याच एका वाक्यासाठी त्याने जिवाचं रान केलं होतं, आणि आता ते ऐकून त्याला आनंद का होत नाही ते त्याला कळेना.

५

तपासणी जूनच्या पहिल्या मंगळवारी होती. तपासनीस हॅडली नावाचा, कमी बोलणारा, नाकावर चष्मा घसरलेला माणूस होता. त्याच्या हातात एक चेंडू होता. गाडीच्या ज्या ज्या भागाला चेंडू लागेल तिथे धार असता कामा नये, असा नियम. म्हणून सगळे जण काठाकाठांना रबराच्या पट्ट्या आणि बोल्टांना टोप्या चिकटवून जातात आणि घरी आल्यावर उपटून फेकून देतात. नेव्हिलने एकशे बारा टोप्या चिकटवल्या होत्या. हॅडलीने एकशे तेरावा बोल्ट शोधून काढला.

नेव्हिलने कपाळावर हात मारला. पण खिशात एक जादा टोपी निघाली आणि हॅडलीने ती तिथल्या तिथे लावू दिली. मग तो दुसऱ्या बाजूला गेला आणि वाकला.

“मिस्टर ट्रँटर, हा बेल्ट जरा सोडता का? लावलेला असला की मला तपासता येत नाही.”

नेव्हिलने तो लावला नव्हता. घरून निघताना दोन्ही टोकं मोकळी सीटवर टाकलेली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. तो वळसा घालून आला. बेल्ट लावलेला होता. आणि नुसता लावलेलाही नव्हता. रिकाम्या सीटवर तो सैल पडायला हवा होता, तो हवेत ताणून उभा होता, खांद्यापासून खाली, कमरेवरून आडवा. मध्ये काहीच नव्हतं आणि तरी तो कशावर तरी टेकलेला होता. नेव्हिलने बटण दाबलं तेव्हा पट्टा सावकाश खाली आला. कापड गरम होतं. उन्हाने, असं तो स्वतःशी म्हणाला, पण गाडी उभी होती छपराखाली.

हॅडलीने काय पाहिलं ते त्याने सांगितलं नाही. त्याने बेल्ट तपासला, खूण केली, गाडीचं वजन केलं. शेवटी कागदावर सही करताना तो एवढंच म्हणाला की वजन करताना गाडीत कुणी बसलेलं नसावं असा नियम आहे, पण आकडा मर्यादेत आहे तेव्हा मी काही म्हणत नाही.

गाडी पास झाली. आठ वर्षांची कटकट एका सहीत मिटली. घरी येताना नेव्हिलने एकदाही डावीकडे बघितलं नाही.

६

घरात शिरला तेव्हा ग्लेनिस न्हाणीघरातून ओरडत होती. पिठाच्या काट्याचं वाटोळं केलंस, आता माझा वजनकाटाही बिघडवलास, असं तिचं म्हणणं होतं. तो वर गेला. ती काट्यावर उभी होती आणि काटा दीड स्टोन, म्हणजे जेमतेम साडेनऊ किलो, दाखवत होता.

“दीड स्टोन,” ती म्हणाली. “मांजरापेक्षा जरा जास्त. काय ठेवलं होतंस यावर?”

त्याने तिला उतरवलं आणि स्वतः चढला. काट्याने त्याचं वजन अचूक दाखवलं. तिला पुन्हा चढायला सांगावं असं त्याला वाटलं आणि सांगवेना. तो म्हणाला, सेल गेला असेल. मग खाली आला आणि गॅरेजमध्ये जाऊन चारही काटे चाकांखाली सरकवले. तपासणीच्या आधी त्याने फक्त वारा अडवायच्या दोन छोट्या काचा बसवल्या होत्या. पेटीवरचा आकडा वाचून, त्यातून सगळ्या सुट्या भागांचं वजन वजा करून जे उरलं ते त्याने ग्लेनिसच्या दीड स्टोनमध्ये मिळवलं. गणित साधं होतं. बेरीज दहा स्टोन आली, म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट किलो. चाळीस वर्षांत ग्लेनिसने त्याला स्वतःचं वजन कधी सांगितलं नव्हतं, पण लग्नाच्या नवऱ्याला अंदाज असतो.

आकडा पहिल्यांदाच जुळला होता. नेव्हिल खोक्यावर बसला, आणि आता तो घाबरला.

त्याने विचार केला. तो विचार करणारा माणूस होता. जे बसवल्याने झालं ते काढल्याने जाईल. त्याने हीटर उघडला, बोल्ट सोडले, हीटर बाहेर काढून फरशीवर ठेवला आणि पेटीकडे पाहिलं. हीटरचे स्वतःचे चार किलो तेवढे उतरले. बाकी आकडा जागेवर राहिला. तेवढ्यात आतून ग्लेनिसची हाक आली. ती स्वयंपाकघरात चुलीपाशी उभी होती, जूनचं ऊन खिडकीतून तिच्या अंगावर पडलं होतं, आणि तिचे ओठ निळे पडले होते.

“माझे पाय बर्फ झालेत,” ती म्हणाली. “कुठलं दार उघडं टाकलंयस?”

त्याने धावत जाऊन हीटर पुन्हा बसवला. एक नट दोनदा हातातून पडला. तो परत आला तेव्हा तिचा रंग ठीक झाला होता आणि ती बटाटे सोलत होती. फोमला मग त्याने हातच लावला नाही. करवत त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेली होती, आणि त्याने तिच्याकडे पाठ केली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वजन तिचं आहे आणि ते तिथे आहे. ती तिथे जाऊन बसली तर दोन्ही एका जागी येतील, आणि ती उठेल तेव्हा ते घेऊन उठेल. याला तर्क म्हणता येत नव्हतं. पण तर्काने गेले दोन महिने काय दिवे लावले होते ते त्याने पाहिलं होतं.

“झाली गाडी,” तो म्हणाला. “बसून बघतेस?”

ती लगेच उठली. हात पुसले, कार्डिगन घातलं, आणि कुरकुर न करता गॅरेजमध्ये आली. गाडी काट्यांवरच उभी होती. नेव्हिलने पेटी हातात घेतली. ग्लेनिसने काठावरून आधी एक पाय टाकला, मग दुसरा, आणि सीटमध्ये सरकली. फोमने तिला बरोब्बर धरलं. पाय फळीवर टेकले. पेटीवरचा आकडा दीड स्टोनने वाढायला हवा होता. तो एका ग्रॅमनेही वाढला नाही.

“बरं आहे,” ग्लेनिस म्हणाली. तिने डोळे मिटले. “किती बरं आहे हे, नेव्हिल. मी उगाच तुला इतकी वर्षं बोलले.”

हे शब्द त्याला हवे होते, याच शब्दांसाठी तो आठ वर्षं आडवा होऊन गाडीखाली झोपला होता. पण हे म्हणणारा आवाज फार गोड होता. ग्लेनिसचा आवाज इतका गोड कधी नव्हता, लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने चर्चच्या दारात त्याला टाय सरळ कर म्हणून झापलं होतं.

“ऊठ आता,” तो म्हणाला.

“कशाला? ऊब आहे इथे.”

“ग्लेनिस, ऊठ. एकदा उठून दाखव, मग पुन्हा बस.”

“तू चहा आण,” ती म्हणाली, आणि हसली. “चहा पिऊ आणि निघू. आजच जाऊ बारमथला. किल्ली आहे ना लावलेली?”

किल्ली लावलेली होती. तो तिच्या दंडाला धरून उठवायला पुढे झाला. दंड जड होता. भरलेला, उबदार, दहा स्टोनच्या बाईचा दंड होता, आणि क्षणभर त्याला अगदी हायसं वाटलं. म्हणजे जमलं होतं. वजन तिच्यात परत आलं होतं. तिला जरा बसू द्यावं, चहा द्यावा, मग आपोआप उठेल. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तो घरात गेला.

किटली ठेवली, कप काढला, दूध शोधलं. हात हलत होते आणि डोकं हळूहळू निवत होतं. संध्याकाळी क्लिफला फोन करून काटे घेऊन जायला सांगायचं, सोबत तोंडाला येईल ती थाप मारायची. पाणी उकळलं. त्याने कपात ओतलं.

“नेव्हिल,” वरून ग्लेनिसने हाक मारली. “बुटांसकट आत आलायस ना? आवाजावरून कळतं मला.”

तो थांबला. आवाज झोपायच्या खोलीतून येत होता, जिन्याच्या वरच्या टोकाकडून, आणि वैतागलेला होता.

“सकाळपासून मी इथेच आहे, मघापासून हाका मारतेय,” वरचा आवाज म्हणाला. “पाय जमिनीवर टिकत नाहीयेत माझे. कपाटाला धरून उभी आहे. किती वेळ धरून राहायचं माणसाने? तुला ऐकू येत नाही का मुद्दाम येत नाही?”

“चहा झाला का रे?” गॅरेजच्या दारातून ग्लेनिसचा आवाज आला. तो गोड होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

नेव्हिल दोन्हींच्या मध्ये, कप हातात घेऊन उभा राहिला. चहा त्याने एकच केला होता. गॅरेजमधल्या बाईला वजन होतं, हाडामांसाचा दंड होता, तो त्याने नुकताच धरला होता. वर काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं आणि बघायची हिंमतही नव्हती. पण वरची त्याच्यावर चिडलेली होती. चाळीस वर्षं त्याच्यावर जी चिडत आली ती हीच, आणि तिच्याशिवाय त्याला कुठेही जायचं नव्हतं, बारमथलाही नाही. त्याने कप ओट्यावर ठेवला आणि जिन्याकडे वळला.

“येतोय,” तो म्हणाला. “धरून राहा. सोडू नकोस.”

तो चौथ्या पायरीवर असताना गॅरेजमध्ये इंजिन सुरू झालं. पहिल्या फटक्यात झालं. त्याच्या हाताने ते कधी पहिल्या फटक्यात झालं नव्हतं. चाकं काट्यांवरून उतरल्याचा खडखडाट झाला, चार वेळा, आणि मग टायरांखाली अंगणातली खडी वाजली. खाली पळावं की वर, हे त्याला ठरवता आलं नाही. त्याने कठडा घट्ट धरला. गाडी रस्त्याला लागली, चर्चच्या वळणापाशी तिने अगदी सफाईने गिअर बदलला, आणि आवाज लांब जायला लागला.

“हा काय गोंगाट?” वरून ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण वैताग तेवढाच होता. “बंद कर ते आधी. आणि वर येताना माझी ती निळी...”

गाडीचा आवाज टेकडीपलीकडे गेला आणि ऐकू येईनासा झाला. निळी काय, हे ऐकायला नेव्हिल जिन्यावर तसाच उभा राहिला.